चार माणसं बोलावू नका

सर्व नाट्यगृहांचे व्यवस्थापक, विश्वस्त, त्यांचे आराखडे काढणारे वास्तुविशारद आणि तिथे प्रयोग लावणारे निर्माते यांस,

स. न. वि. वि.

"काळजी करू नका ताई, चार माणसं बोलावतो. अलगद उचलून आत नेऊ."

हे म्हणणारा माणूस दर वेळी मनापासून म्हणतो, म्हणून त्याच्यावर चिडताही येत नाही. तरी हे पत्र त्या वाक्याविरुद्धच आहे. माझ्या पाठीच्या कण्याला इजा झाली त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून मी व्हीलचेअर वापरते. नाटकं आधीही पाहत होते, आताही पाहते. आधी मी नाटकाला जायचे. आता मला नाटकाला नेतात.

उचलताना काय होतं ते उचलणाऱ्याला दिसत नाही, त्याचं लक्ष पायरीवर असतं. कुणी चाक धरतो. चाकच ते, हातात फिरतं. कुणी आर्मरेस्ट धरतो. माझ्या खुर्चीचे आर्मरेस्ट काढता येतात. पलंगावर किंवा गाडीत सरकताना ते आड येऊ नयेत म्हणून मुद्दाम तशी सोय असते. तिसऱ्या पायरीवर तो आर्मरेस्ट निघून त्याच्या हातात येतो. फूटरेस्ट बाजूला वळतो. खुर्ची मागे कलते, गुडघे छातीच्या वर जातात आणि नाव-गाव माहीत नसलेले हात कमरेपाशी, मांडीपाशी येतात. मांडीला झालेला स्पर्श मला कळत नाही, फक्त दिसतो. एकदा उतरताना एकाची पकड सुटली. मी पडले नाही, पण त्या रात्री कोणतं नाटक पाहिलं ते मला आज सांगता येणार नाही.

हे झालं हातानं ढकलायच्या खुर्चीचं. बॅटरीवर चालणारी खुर्ची माणूस न बसताच शंभर किलोच्या पुढे जाऊ शकते. तिला पायऱ्यांवरून न्यायचा विचारही कुणी करू नये. अशा खुर्चीवरच्या माझ्या मित्रानं नाटकं पाहणं सोडून दिलंय. तो कंटाळलाय असं त्याच्या घरचे सांगतात. कंटाळा त्याला पायऱ्यांचा आलाय.

आता तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, आमच्याकडे रॅम्प आहे. मान्य. रॅम्प हवा हे सगळ्यांना पटलेलं आहे, बऱ्याच ठिकाणी तो केलाही आहे. फक्त मोजलेला नाही. जगभर वापरलं जाणारं प्रमाण १:१२ आहे, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तुमच्या दारात प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या सहा पायऱ्या असतील तर चढ झाला ९० सेंटीमीटर आणि रॅम्प लागेल १० मीटर ८० सेंटीमीटरचा. शिवाय मध्ये एक सपाट टप्पा हवा. अमेरिकेच्या मानकांत सलग ७६ सेंटीमीटरपेक्षा जास्त चढ चालत नाही, दंडातली ताकद तिथवर संपते. जागा नाही म्हणून सहा पायऱ्यांवर तीन मीटरचं लोखंडी पत्र्याचं रॅम्प म्हणून बसवलेलं प्रकरण मी पाहिलंय. त्यावरून मला वर ढकलायला चार माणसंच लागली.

दुसरा प्रकार मागच्या दाराचा. बहुतेक नाट्यगृहांना मागच्या बाजूला सेट उतरवायचं एक रुंद दार असतं आणि तिथवर जायला बऱ्यापैकी सरळ वाट असते, कारण सोफा, कपाट आणि झोपाळा आत न्यायचा असतो. कपाटाची सोय माणसाच्या आधी झाली, याचं मला आता वाईट वाटेनासं झालंय. खरं सांगायचं तर त्या वाटेनं जाताना ओल्या रंगाचा वास येतो, उलटी लावलेली भिंत दिसते, विंगेत चहा पिणारा राजा दिसतो आणि मला मजाच येते. पण बाकीचा प्रेक्षक पुढच्या दारानं, दिव्यांखालून, पोस्टर बघत, ओळखीच्यांना हाका मारत आत येतो. तो येण्याचाही भाग नाटकाला जाण्यात धरलेला असतो. मी आणि माझी बहीण मात्र अंधाऱ्या बोळातून येतो आणि दार आतून उघडणाऱ्याची वाट पाहतो.

एपिडॉरसचं प्राचीन ग्रीक नाट्यगृह तुम्ही निदान चित्रात तरी पाहिलेलं असेल. डोंगराच्या उतारावर बसवलेल्या दगडी आसनांच्या ५५ रांगा, आणि खाली गोल मोकळी जागा. ते नाट्यगृह तिथे एकटं नाही. अस्क्लेपियस या आरोग्याच्या देवाचं मोठं तीर्थस्थान तिथे होतं आणि नाट्यगृह हा त्याचाच भाग. कुबड्या घेतलेली, लंगडणारी, कुणी तरी आणून पोचवलेली माणसं तिथे बरं व्हायला येत. डेबी स्नीड या अमेरिकन अभ्यासिकेनं २०२० साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तिच्या मोजणीनुसार ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातल्या त्या परिसरात किमान ११ दगडी रॅम्प होते. इतर देवस्थानांपेक्षा आरोग्यस्थानांत रॅम्प जास्त सापडतात, म्हणून ते चालायला त्रास असणाऱ्यांसाठीच बांधले असावेत, असं तिचं म्हणणं. हा तर्कच आहे, पण मला तो पटतो, कारण ज्याच्या दारात रोज लंगडी माणसं येतात त्याला उतार सुचायला कायदा लागत नाही. नाट्यगृहाच्या त्या ५५ रांगांना मात्र पायऱ्याच आहेत. देवापर्यंत जाता येत होतं, नाटकापर्यंत नाही.

आता तिकिटाकडे येते. तुमच्या ऑनलाइन प्लॅनवर हिरव्या खुर्च्या असतात, राखाडी खुर्च्या असतात. माझी खुर्ची त्यात नसते. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'व्हीलचेअरसाठी कृपया फोन करावा.' फोन केला की तो खिडकीवर वाजतो, खिडकीवरचा माणूस म्हणतो व्यवस्थापकांशी बोला, व्यवस्थापक म्हणतात या तुम्ही, बघू. तोवर चांगल्या रांगा गेलेल्या असतात. 'या, बघू' या दोन शब्दांवर मी घरापासून गाडी करून निघायचं, हे तुम्हाला योग्य वाटतं का?

अमेरिकेत २०१० साली सुधारलेले नियम याबाबतीत स्पष्ट आहेत. व्हीलचेअरच्या जागा बाकीच्या तिकिटांसोबत, त्याच वेळी, त्याच मार्गांनी विकायच्या; भाव जास्त लावायचा नाही; आणि शेजारच्या तीनपर्यंत खुर्च्या सोबतच्या माणसांना घेऊ द्यायच्या. ही तीनची गोष्ट मला फार आवडते. नियम लिहिणाऱ्याला कळलं होतं की व्हीलचेअरवरच्या माणसाला बहीण असते, भाचा असतो, मैत्रीण असते. आपल्याकडे 'पेशंट आणि एक अटेंडंट' एवढंच गृहीत धरतात. मी पेशंट नाही. आणि माझी एक मैत्रीणही व्हीलचेअर वापरते. आम्ही दोघी एकत्र नाटकाला जाऊ शकतो, ही शक्यता अजून एकाही प्लॅनमध्ये मला दिसलेली नाही. एकीला डाव्या टोकाला बसवतात, दुसरीला उजव्या.

ज्यांना दोन खुर्च्यांचं उत्पन्न बुडण्याची धास्ती वाटते त्यांच्यासाठी त्याच नियमांत तोडही आहे. बाकीची सगळी तिकिटं संपली आणि व्हीलचेअरच्या जागा उरल्या, तर त्या इतरांना विकायला मोकळीक आहे. त्यासाठी तिथल्या खुर्च्या काढता-घालता येणाऱ्या हव्यात, एवढंच. माझ्या पाहण्यातल्या एका छोट्या सभागृहानं तेच केलं. रांगेच्या टोकाच्या खुर्च्यांचे बोल्ट काढले, खाली पट्टी बसवली, खुर्च्या आत-बाहेर सरकतील अशा केल्या. फिटर आला, दुपारी काम केलं, संध्याकाळी मी तिथे बसून नाटक पाहिलं. उद्घाटन नाही, फोटो नाही. खुर्च्या काढताना एक गोष्ट मात्र आधी मोजा. रुंदी सहज मिळते. दोन खुर्च्या गेल्या की साधारण एक मीटर सुटतो आणि मला ९० सेंटीमीटर पुरतात. अडतं ते पुढून मागे. फूटरेस्टसकट माझी खुर्ची लांब असते, तिला १२० सेंटीमीटरच्या आसपास हवेत, आणि दोन रांगांतलं अंतर त्याहून बरंच कमी. म्हणून आडव्या वाटेला लागून असलेली रांग निवडावी, नाहीतर पुढच्या-मागच्या दोन्ही रांगांतून खुर्च्या काढाव्या लागतात. हे कुणी आधी विचारत नाही. मग माझे पाय पुढच्या गृहस्थांच्या पाठीत, आणि तीन तास आम्ही दोघंही अवघडलेले.

जागा दिली नाही की काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. वाटेत बसवतात. प्रेक्षागृहाची जमीन रंगमंचाकडे उतरती असते आणि ती तशीच हवी. पण त्या उतारावर ब्रेक लावून तीन अंक काढायचे म्हणजे अंग हळूहळू पुढे घसरत राहतं. पोटाचे स्नायू माझं ऐकत नाहीत, म्हणून एका हातानं चाक धरायचं, दुसऱ्यानं सीट. टाळी वाजवायची तर कुठला तरी हात सोडावा लागतो. विनोदी नाटकाला मी घाबरते, यावर तुम्ही हसाल, पण खरंच घाबरते.

शिवाय वाट ही वाटच राहिली पाहिजे. इथे मी तुमच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याच्या बाजूची आहे. शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहाला ३० डिसेंबर १९०३ रोजी दुपारच्या खेळात आग लागली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. बरीच दारं कुलूपबंद होती, काही आत उघडणारी होती, आणि गर्दीचा रेटा त्यांच्यावर आला. बाहेर उघडणारी दारं, मोकळ्या वाटा, दिवे लावलेले निर्गम मार्ग हे आज जे काही तुम्ही पाळता त्यामागे ती दुपार आहे. त्या खेळाला जाणारा पण ऐन वेळी कामामुळे न गेलेला कार्ल प्रिन्झलर नावाचा हार्डवेअरचा विक्रेता पुढे काही वर्षं एकाच गोष्टीच्या मागे लागला: आतून अंगानं ढकललं तरी उघडेल असं दार. हेन्री ड्यूपॉन्टच्या मदतीनं १९०८ च्या सुमारास त्यानं दारावरची ती आडवी दांडी बाजारात आणली. ती दांडी घाबरलेल्या गर्दीसाठी होती. पण मूठ फिरवायला हात मोकळा नसलेल्या मला तिच्याइतकं सोपं दार दुसरं नाही. फूटरेस्टनं हलका धक्का दिला की उघडतं.

तेव्हा वाटेत मला बसवू नका आणि आग लागली तर माझं काय करायचं ते आधी ठरवा. आगीत लिफ्ट वापरायची नाही, हे पाटीवर लिहिलेलं असतं. मग वरच्या मजल्यावर लिफ्टनं पोचलेली मी कुठे थांबू? धूर येणार नाही अशी थांबायची जागा कोणती, जिन्यावरून उतरवायची घसरखुर्ची आहे का, असली तर ती कुठे आहे आणि ती वापरायला कोण शिकलंय? मी हे विचारलं की डोअरकीपर गोंधळून माझ्या बहिणीकडे पाहतो. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. चार माणसं बोलावण्याची वेळ खरोखर येते ती अशा रात्री, आणि तेव्हा ती चार माणसं स्वतः धावत असतात.

बहिणीकडे पाहण्यावरून आठवलं. "यांना कुठे बसवायचं?" हा प्रश्न मला कधीच विचारत नाहीत. तो माझ्या डोक्यावरून जातो. बहीण आता तयार झालीये. ती म्हणते, "मला काय माहीत, त्यांनाच विचारा, तिकीट त्यांनी काढलंय, मला तर नाटकाचं नावही धड माहीत नाही." एकदा एका तरुण डोअरकीपरनं गुडघ्यावर न बसता, आवाज न बदलता सरळ मला विचारलं, "तुम्हाला कुठून जायला बरं पडेल?" तिथे पायऱ्या होत्या, रॅम्पही जेमतेम होता, तरीही त्या नाट्यगृहात मी पुन्हा गेले.

जागा मिळाली तरी दिसायला हवं. सगळ्यात पुढे, कोपऱ्यात, स्पीकरच्या शेजारी, हा व्हीलचेअरचा ठरलेला कोपरा आहे. तिथून अर्धा रंगमंच तिरका दिसतो आणि मान वर करून पाहावं लागतं. अमेरिकेत चित्रपटगृहांबाबत असाच वाद न्यायालयात गेला होता. मालकांचं म्हणणं, पुढे कुणी आड येत नाही ना, मग झालं. २००३ साली तिथल्या अपील न्यायालयानं ते मानलं नाही. मध्ये अडथळा नसणं पुरेसं नाही, पाहण्याचा कोनही इतरांसारखा पाहिजे, असं ठरवलं. किती जागा असाव्यात याचंही तिथल्या मानकांत कोष्टक आहे. ३०० खुर्च्यांच्या सभागृहात ५, ५०० च्या सभागृहात ६, १००० च्या सभागृहात १०. आणि त्या एकाच कोपऱ्यात कोंबायच्या नाहीत, निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या भावांत द्यायच्या. स्वस्त तिकीट काढायचा हक्क मलाही हवा आणि महागड्या रांगेत बसून मिरवायचाही.

पडदा पडताना जे होतं ते सांगते. प्रयोग रंगला, शेवटी सगळं प्रेक्षागृह उभं राहिलं. खुर्चीत बसून माझे डोळे जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतात. समोर पाठी, बॅगा, शर्टाचे घडी पडलेले भाग. कलाकार एकेक करून पुढे येऊन वाकतात तेव्हा टाळ्यांच्या आवाजावरून मी ओळखते, आता म्हातारीचं काम करणारी आली असेल. ज्या माणसांसाठी मी आले, त्यांचा नमस्कार मला सहसा मिळत नाही. उभ्या राहिलेल्या माणसांच्या डोक्यावरून दिसेल अशी जागा करता येते. मागची रांग थोडी उंच घ्यावी लागते, आराखडा कागदावर असतानाच ते स्वस्तात होतं. वास्तुविशारद मंडळी, हे तुमच्यासाठी.

"त्यापेक्षा आमच्या खुर्चीत बसा ना, आरामात" असंही सुचवतात. काही जणांना ते जमतं, आवडतं. त्यांच्यासाठी वाटेकडच्या खुर्चीचा हात वर उचलता आला पाहिजे. मलाही कधीकधी जमतं. पण एकदा मी तुमच्या खुर्चीत सरकले की माझी खुर्ची घडी घालून लॉबीत नेतात. 'अडचण होते' म्हणून. तुमचे पाय काढून लॉबीत ठेवले आणि मध्यंतरात आणून देतो म्हणून सांगितलं तर तुम्हाला कसं वाटेल, ते बघा. मध्यंतरात आणून देणारा वडे घ्यायच्या रांगेत असतो. आणि जाड उशी खुर्चीबरोबर गेलेली असते. मला संवेदना नसलेल्या भागावर फार वेळ एकसारखा दाब चालत नाही, पुन्हा पुन्हा भार हलवावा लागतो, नाहीतर जखम होते आणि ती भरायला महिने लागतात. नाटक पाहण्याची एवढी किंमत मी एकदा मोजली आहे, पुन्हा नाही मोजणार.

स्वच्छतागृहाबद्दल बायका सहसा लिहीत नाहीत, म्हणून लिहिते. नाटक संध्याकाळचं असलं की मी दुपारपासून पाणी पीत नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या माझ्या ओळखीच्या सगळ्या बायका हेच करतात. आमच्यापैकी अनेकींना लघवीसाठी नळी वापरावी लागते, पाणी कमी प्यायलं की जंतुसंसर्ग होतो आणि मग आठवडाभर ताप. हे सगळं माहीत असून आम्ही तहानलेल्या बसतो, कारण व्हीलचेअरचं चिन्ह लावलेल्या त्या दारामागे काय असतं ते पाहिलेलं आहे: बादल्या, फडे, जुन्या बॅनरच्या गुंडाळ्या. चावी वॉचमनकडे, वॉचमन गेटवर. दार उघडलं तर ते आत उघडतं आणि माझी खुर्ची आत गेल्यावर बंद होत नाही. खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं, कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला जागा लागते, भिंतीला घट्ट दांडी लागते आणि आतून लागणारी कडी लागते. त्यातलं मला सगळ्यात जास्त काय हवंय विचाराल तर कडी. बहीण बाहेर ओढणी धरून उभी राहते तेव्हा दुसऱ्या अंकाची घंटा झालेली असते.

रंगमंचाबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अर्धंच राहील. व्हीलचेअरवरचा माणूस नेहमी प्रेक्षकच असतो हे कुणी ठरवलं? ॲली स्ट्रोकर या अमेरिकन अभिनेत्रीला २०१९ साली टोनी हा तिथल्या रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला. व्हीलचेअर वापरणाऱ्या कलाकाराला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. नाव पुकारलं तेव्हा ती प्रेक्षकांत बसलेली नव्हती. प्रेक्षागृहातून रंगमंचावर जायला रॅम्प नव्हता, म्हणून ती आधीच पडद्यामागे थांबली होती. त्याच रात्री तिनं नाट्यगृहांच्या मालकांना आणि निर्मात्यांना जाहीर विनंती केली: पडद्यामागच्या जागाही आम्हाला वावरता येईल अशा करा. पुरस्कार घेतल्या घेतल्या तिला जिने आठवले, यात मला काही नवल वाटलं नाही.

माझ्या एका कवयित्री मैत्रिणीचा सत्कार होता. पाच पायऱ्या चढून रंगमंचावर जाता येईना, तेव्हा प्रमुख पाहुणेच खाली उतरले आणि त्यांनी खालीच तिला शाल घातली. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. पाहुण्यांच्या मोठ्या मनाला.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या आणि १८० हून अधिक देशांनी मान्य केलेल्या दिव्यांग हक्क कराराचं तिसावं कलम नाट्यगृहांचं नाव घेऊन बोलतं. सांस्कृतिक कार्यक्रमांच्या जागी आम्हाला जाता आलं पाहिजे, हे त्यात आहेच. पण पुढच्याच उपकलमात असंही आहे की दिव्यांगांना आपली कला वाढवायची आणि वापरायची संधी मिळावी, केवळ त्यांच्या भल्यासाठी नव्हे, समाज समृद्ध व्हावा म्हणूनही. निर्मातेहो, तुमच्या पुढच्या नाटकात व्हीलचेअरवरचं पात्र असेल आणि ते धडधाकट नट करणार असेल, तर निदान तालमीच्या हॉलचा जिना किती पायऱ्यांचा आहे ते मोजा. आमच्यापैकी कुणी ऑडिशनला का आलं नाही, ते तिथे कळेल.

"पण व्हीलचेअरवाले येतातच किती?" हा तुमचा शेवटचा प्रश्न असतो आणि तो तुम्ही आकडा पाहून विचारता. गेल्या महिन्यात मला तीन नाटकं पाहायची होती. एक पाहिलं. बाकी दोन ठिकाणी पायऱ्या किती ते फोनवर विचारलं आणि फोन ठेवून दिला. तुमच्या वहीत त्या दोन रात्री मी नाही, माझी बहीण नाही, भाचा नाही. तुम्हाला वाटतं मागणी नाही. वाटल्यास तुमच्या नेहमीच्या प्रेक्षकांकडे बघा, गुडघा धरून, कठड्याला रेलून, एकेक पायरी मोजत चढणारे. पूर्वी बाल्कनीत बसणारे आता खालचंच तिकीट मागतात, नंतर कोपऱ्यातलं, नंतर येतच नाहीत. त्यांना कुणी व्हीलचेअरवाले म्हणत नाही.

जुन्या वास्तूंची अडचण मला कळते. शंभर वर्षांच्या कमानीला हात लावू नये, खरंच लावू नये. काही ठिकाणी वेळ लागेल, पैसे लागतील, कुठे लिफ्ट बसणारच नाही. पण आजच्या आज, एक पैसाही न घालता करण्यासारखं एक काम आहे. मोजपट्टी घ्या आणि लिहून काढा: गेटपासून दारापर्यंत किती पायऱ्या, रॅम्प किती लांब, दाराची मोकळी रुंदी किती, व्हीलचेअरची जागा कोणत्या रांगेत, स्वच्छतागृहाचं दार किती आणि ते कुठे उघडतं. चार फोटो काढा. जिथे तिकीट विकता तिथे लावा. 'सोय आहे' असं लिहू नका, आकडे लिहा. आकडा वाईट असला तरी चालेल, तो बघून मी ठरवेन. काही व्यवस्थापक एक दिवस व्हीलचेअरवर बसून 'अनुभव' घेतात. त्यातून माझं आयुष्य कळत नाही, पण इमारत कळते, तेव्हा जरूर घ्या. त्याहून बरं म्हणजे आमच्यापैकी कुणाला बोलवा, मानधन द्या आणि सोबत फिरा.

पुढच्या आठवड्यात एका नव्या नाटकाचा प्रयोग आहे. मी सोमवारी सकाळी फोन करणार आहे. माझी खुर्ची चाकांसकट ६४ सेंटीमीटर रुंद आहे. ढकलताना कोपर घासू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना थोडी जागा हवी. तुमचं दार किती सेंटीमीटरचं आहे, ते तेवढं मोजून ठेवा.

आपली,
एक प्रेक्षक
(रांग अजून ठरायची आहे)